चवथीची माटवी : कोंकणांतील एका गृहकलेची कहाणी

घर सजविणें म्हणजे बाजारांतून कांहीं तरी विकत आणणें, अशी समजूत शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत आतां चांगलीच मुरली आहे. घरांत लहान मुलें असलीं म्हणजे तर सजावटीचा विचारच नको, असेंही पुष्कळदां ऐकूं येतें. मुलें वस्तू ओढतात, फोडतात, आणि महागाची हौस मातीस मिळते. या दोन्ही समजुतींना कोंकणांतील एका जुन्या गृहकलेनें फार पूर्वींच उत्तर देऊन ठेविलें आहे. ती सजावट जवळजवळ फुकट होते, दरवर्षीं नवी असते, तुटण्याफुटण्याचें भय तिला नसतें, आणि तिचें निम्में काम मुलांच्याच हातून होतें. तिचें नांव माटवी. गोव्यांत तिलाच माटोळी म्हणतात.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुडाळ तालुक्यांत, कर्ली नदीच्या कांठीं, वालावल नांवाचें गांव आहे. लक्ष्मीनारायणाचें जुनें देऊळ, देवळाला लागून असलेलें तळें, भोंवतालीं झाडीनें भरलेले डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशीं माडा-पोफळींचीं आगरें, असा या गांवाचा थाट आहे. येथून पुढें वाहत जाऊन कर्ली देवबागेपाशीं समुद्राला मिळते. कुडाळचा मुलूख १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थानांत होता. त्यानंतर तो रत्नागिरी जिल्ह्यांत गेला, आणि १ मे १९८१ रोजीं सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला. राज्यें गेलीं, जिल्हे बदलले, परंतु भाद्रपदांतल्या चवथीला घरोघर माटवी बांधण्याची रीत कांहीं बदलली नाहीं. या भागांतील गांवांची रचनाच या कलेला पोषक आहे. एका बाजूस आगर, दुसऱ्या बाजूस शेत, पाठीशीं डोंगर आणि डोंगरमाथ्यावर जांभ्या दगडाचा उघडा सडा. सजावटीचें सारें सामान या चार ठिकाणीं पसरलेलें असतें.

कोंकणांत गणपति हा मुख्यत्वें घरचा सण आहे. १८९३ च्या सुमारास पुण्यांत गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आलें, लोकमान्य टिळकांनीं तें वाढविलें, आणि त्याबरोबर मंडप, आरास, रोषणाई यांची एक नवी कला शहरांत उदयास आली. कोंकणांतील गणपति मात्र माजघरांतच राहिला. त्यामुळें तेथील सजावटीला पाहणाऱ्यांच्या गर्दीचा विचार कधीं करावा लागला नाहीं. घरांतील माणसांनीं, घरांतील माणसांसाठीं, घराच्या छपराखालीं करावयाची ती कला होय. आणि म्हणूनच घरांतील लहानथोर सर्वांना तींत जागा मिळाली.

या सजावटीची सुरुवात सजविण्यानें होत नसे, डागडुजीनें होत असे. सिंधुदुर्गांत वर्षाकाठीं ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यांतला फार मोठा भाग भाद्रपद उजाडण्यापूर्वींच पडून गेलेला असतो. तीन महिने ओल पीत बसलेल्या मातीच्या भिंतींना बुरशी धरते, जमिनीचें सारवण सुटतें, कोपऱ्यांत वाळवी लागते. चवथीच्या आधीं भिंतींना चुन्याची सफेती दिली म्हणजे बुरशी मरे आणि अंधारें माजघर उजळे. शेणमातीनें जमीन नव्यानें सारवली म्हणजे भेगा बुजत. सफेतीच्या खालीं गेरूचा किंवा तांबड्या मातीचा पट्टा ओढला म्हणजे जमिनीलगतचे डाग झांकले जात. गणपति जेथें बसावयाचा तेथल्या भिंतीवर कमळ, मोर, वेलबुट्टी अशीं चित्रें काढीत. ज्या घरीं कोणाला बरा हात नसे तेथें गांवांतल्या एकाद्या रंगाऱ्याला बोलावीत. भाताचें तूस जाळून जी पांढरी राख उरते, तिची रांगोळी होई. या यादींत दुकानांतून आणण्याजोगी वस्तु जवळजवळ नाहींच. चुना आणि गेरू एवढाच काय तो खर्च. घराचें आरोग्य आणि घराची शोभा हीं एकाच श्रमांत साधलीं जात, हें या रीतीचें पहिलें मर्म.

दुसरें मर्म माटवीच्या बांधणींत आहे. माटवी म्हणजे लांकडी पट्ट्यांची किंवा बांबूच्या कांब्यांची एक चौकोनी जाळी. ती मूर्तीच्या बरोबर वर, माळ्याच्या तुळयांना आडवी टांगतात. वर्षभर ही चौकट माळ्यावर पडून असते. चवथ जवळ आली कीं ती खालीं उतरवून धुवून पुसून घेतात. पिढ्यान् पिढ्या टिकते ती एवढी चौकटच. बाकीचा सारा साज गणपति घरांत असेपर्यंतचा. मग ते दीड दिवस असोत, पांच असोत कीं अकरा असोत. प्रथम आंब्याचे टाळे बांधून जाळी हिरवीगार करून घ्यावयाची. मग जड वस्तू लावावयाच्या: न सोललेले नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचा फणा, परसांतील लांबट तवसें. हीं ओझीं सांध्यांवरच बांधावीं लागतात. मधल्या कांबीवर नारळ बांधला तर कांब वांकते. शिवाय एका कोपऱ्यांत नारळ आला कीं समोरच्या कोपऱ्यांत तेवढ्याच वजनाचें कांहीं तरी यावेंच लागतें, नाहीं तर सारी जाळी एका अंगाला कलंडते. माटवीची जी रेखीव समता पाहणाऱ्याला सुंदर वाटते, तिचा उगम असा वजनाच्या हिशेबांत आहे. हा हिशेब कागदावर कोणी शिकवीत नाहीं. आजोबा खालून पाहतात, वर चढलेला नातू बांधतो, आणि "वाईच हंयसून वर घे" असें म्हणतां म्हणतां तराजूचा धडा पुरा होतो.

बांधण्यासाठीं सुतळी लागत नसे. केवणीच्या झुडपाची साल सोलून भिजविली कीं तिचा चिवट दोर होतो. केळीच्या खोडाचें वाळलेलें सोपट चिरलें कीं फुलें ओंवण्यास मऊ धागा मिळतो. हे दोन्ही धागे सण सरल्यावर फुलांबरोबरच मातींत जातात.

माटवीला खरा रंग चढतो तो रानांतल्या जिनसांनीं. कवंडळ हें एका रानवेलीचें फळ. भाद्रपदांत तें पिकून लालभडक होतें आणि हिरव्या पाल्यांत दिव्यासारखें दिसतें. शेरवडाच्या झुडपावर जें पांढरें शुभ्र पान दिसतें तें वास्तविक पान नव्हे. फुलाच्या तळाशीं असणाऱ्या पांकळ्यांसारख्या दलांपैकीं एकच दल वाढून तसें झालेलें असतें, आणि खरें फूल त्याच्याशेजारीं इवलेंसें, नारिंगी असतें. सड्यावर हरणाचीं पिवळीं फुलें फुललेलीं असतात. बांधाबांधावर तेरडा असतो. कांगणीचे पिवळट घोस, कळलावीचीं ज्वाळेसारखीं लालपिवळीं फुलें, हींही माटवींत येतात. गोव्यांत तर अशा जिनसांची यादी फार लांब जाते, आणि तेथील कला व संस्कृति संचालनालय माटोळीच्या सजावटीची स्पर्धाही भरवितें.

हें सारें गोळा करणें हें मुलांचें काम. सणाच्या आदल्या दोन-तीन दिवसांत मुलांच्या टोळ्या डोंगरांत आणि सड्यावर जात. सर्वांत लहान मुलांकडे बांधावरचा तेरडा. त्यांहून मोठ्यांकडे हरण आणि शेरवड. आणि उंच झाडावर चढलेली कवंडळाची वेल ओढून आणणें हा थोरल्या मुलांचा मान. वेल कोठें आहे हें आषाढांतच हेरून ठेवावें लागे, कारण दुसऱ्या वाडींतल्या मुलांचीही तिच्यावर नजर असे. घरीं आल्यावर लहान मुलींनीं फुलें ओंवावयाचीं, मुलांनीं टाळे निवडावयाचे, पुरुषांनीं बांधावयाचें आणि कोणती वस्तु कोठें शोभते याचा शेवटचा शब्द बहुधा घरांतल्या वडील बाईचा असावयाचा.

या कामांत एक मोठें शिक्षण दडलेलें होतें, आणि तें केवळ हौसेचें नव्हतें. माटवींतल्या सर्वच वस्तू निरुपद्रवी नाहींत. कळलावीचे सर्व भाग विषारी आहेत. तिच्या कंदांतील कोल्चिसिन हें द्रव्य थोड्या प्रमाणांतही जिवावर बेततें. कवंडळ दिसावयास मोहक, पण चवीला कडू आणि पोटाला अपायकारक. म्हणून माटवी बांधतांना मुलांना वस्तूचें नांव आणि तिचा गुण एकदमच सांगितला जाई: ही हातांत घे, तोंडांत घालूं नकोस, ही ओरबाडूं नकोस, देठासकट कापून आण, हिचा कंद उकरूं नकोस, म्हणजे पुढच्या वर्षीं पुन्हा येईल. डोंगरांत गुरें राखणाऱ्या, करवंदें-जांभळें खात हिंडणाऱ्या मुलाला खाण्याचें फळ कोणतें आणि न खाण्याचें कोणतें हें ठाऊक असणें हा जीवनमरणाचा प्रश्न होता. वर्षांतून एकदां, देवाच्या डोक्यावर, त्या रानाचा जणूं एक पाठ टांगलेला असे, आणि तो लिहिण्यांत मुलांचाच हात असे.

पानाफुलांच्या अशा रीतींना समाजाच्या जीवनांत केवढें वजन असतें, हें शेजारच्या गोव्याच्या इतिहासावरून दिसतें. तेथें १५६० पासून १८१२ पर्यंत, मध्यंतरींचीं थोडीं वर्षें वगळतां, इन्क्विझिशनचा अंमल होता. १७३६ सालीं निघालेल्या फर्मानांत ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांच्या घरगुती रीतींवर एकामागून एक बंदी घातलेली आढळते: लग्नकार्यांत विडे, सुपारी, फुलें वाटूं नयेत, ओंव्या म्हणूं नयेत, घराशीं तुळस लावूं नये. सत्ताधीशांना देवळें पाडून भागलें नाहीं. सुपारीच्या घोसाचें आणि तुळशीच्या रोपाचेंही त्यांना भय वाटलें. घराच्या आंत जें सहज केलें जातें तें मनांत किती खोल रुजलेलें असतें, हें त्यांनीं बरोबर ओळखलें होतें. गोव्यांतील कांहीं घराण्यांत आजही मातीच्या मूर्तीऐवजीं कागदावरील गणपतीची आणि पत्रीची पूजा होते.

सावंतवाडीच्या बाजूस असें संकट आलें नाहीं. तेथील सजावटीवर आलेला ताण पोटापाण्याचा होता. या भागांतील पुष्कळ घरांतले कर्ते पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, गोदींत आणि कचेऱ्यांत नोकरीस गेले. गांवांत त्यांना चाकरमानी हें नांव पडलें. पावसाळ्यांत किनाऱ्यावरील आगबोटी बंद असत, म्हणून चवथ पावसांत सांपडली कीं घांटमार्गानें फेरा घालून गांव गांठावें लागे. तरीही चाकरमानी येत. येतांना ते रंगीत कागद, झिरमिळ्या, जरीचे तुकडे आणीत, आणि माटवीच्या हिरव्या पाल्यांत प्रथमच शहरचा कागद डोकावूं लागला. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या गिरणीसंपानें सुमारें अडीच लक्ष कामगारांचे संसार ढवळून काढले, आणि त्यांत कोंकणी कुटुंबें फार मोठ्या संख्येनें होतीं. त्या वर्षांत अनेक घरांत रोषणाईला पैसा नव्हता. पण माटवीला पैसा लागतच नव्हता. पुढें २६ जानेवारी १९९८ रोजीं कोंकण रेल्वे सर्व मार्गावर खुली झाली, कुडाळचें स्थानक वालावलसारख्या गांवांना जवळचें झालें, आणि चवथीला गांवीं जाणें एका रात्रीचा प्रवास होऊन बसलें.

ज्यांना गांवीं जातां येत नसे त्यांच्यासाठीं सावंतवाडीच्या कारागिरांनीं नकळत एक सोय करून ठेविली होती. तिसरे खेम सावंत यांच्या कारकीर्दींत, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळांत, तेथें लाखकामाला आणि गंजिफांना राजाश्रय मिळाला. चितार आळींतील कारागीर पांगाऱ्याच्या हलक्या लांकडांतून आंबे, केळीं, काकड्या, वांगीं कोरून हुबेहुब रंगवूं लागले. माटवींत खरें फळ टांगलेलें असतें. येथें त्याच फळाची न सुकणारी प्रतिमा तयार झाली, आणि ज्या शहरी घराला परसच उरला नव्हता त्या घराच्या कपाटांत ती जाऊन बसली. पुढें हा धंदाही खालावला, तेव्हां १९७० नंतरच्या काळांत शिवरामराजे भोंसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनीं राजवाड्यांतच कारागिरांना जागा देऊन गंजिफा व लाखकाम पुन्हा उभें केलें. तथापि दोन्हींत एक भेद आहे. लांकडी फळ कारागीर करतो आणि मूल त्याच्याशीं खेळतें. माटवी मूल स्वतःच करतें.

हाच भेद विसरल्यामुळें अलीकडच्या काळांत नुकसान झालें. थर्मोकोलचीं मखरें आणि प्लॅस्टिकचीं फुलें स्वस्त झालीं, आणि तयार मखर आणून ठेवलें कीं सजावट संपली अशी वृत्ति खेड्यांतही शिरली. महाराष्ट्र शासनानें २३ मार्च १९१८ च्या शंभर वर्षांनंतर बरोबर त्याच दिवशीं, म्हणजे २३ मार्च २०१८ रोजीं, अधिसूचना काढून थर्मोकोलच्या व अनेक प्रकारच्या प्लॅस्टिकच्या वस्तूंवर बंदी आणली. त्यामुळें पुष्कळ कुटुंबांना कागद, कापड आणि पानें यांची पुन्हा आठवण झाली.

परंतु अडचण केवळ थर्मोकोलची नाहीं. १९९० पासून रोजगार हमी योजनेशीं जोडलेल्या फळबाग लागवडीनें कोंकणच्या उतारांवर आंबा आणि काजू मोठ्या प्रमाणावर आले. त्यांनीं अनेक घरांना चार पैसे दिले, हें उघड आहे. त्याचबरोबर जुनी झाडोऱ्याची रानें साफ झालीं आणि कवंडळाच्या वेलीला चढण्यासाठीं झाड उरलें नाहीं. आतां कुडाळ आणि सावंतवाडीच्या बाजारांत चवथीच्या आधीं माटवीचें सामान विकावयास बसते. ज्यांच्या घरीं डोंगरांत जाणारें कोणी राहिलें नाहीं त्यांची त्यानें सोय होते, आणि विकणाऱ्या बायकांना सणासाठीं हातखर्च मिळतो. मात्र विकण्यासाठीं तोडतांना पुढच्या वर्षींचा विचार मागें पडण्याचा धोका असतो. आणि जें मूल कवंडळ टोपलींतून विकत घेतें, त्याला ती वेल कोणत्या झाडावर चढते हें कळण्याचा मार्ग उरत नाहीं. नांव शिल्लक राहतें, ओळख जाते.

शहरांतील कुटुंबाला या कलेचा लाभ घेतां येईल काय? सहज येईल, आणि त्यासाठीं सणाचीच वाट पाहिली पाहिजे असेंही नाहीं. दीड हात लांबीच्या आठ बांबूच्या कांब्या घ्याव्या. चार उभ्या व चार आडव्या ठेवून प्रत्येक सांधा सुती दोऱ्यानें घट्ट बांधावा. ही जाळी चार कोपऱ्यांस चार दोऱ्या लावून छताच्या आंकड्याला टांगावी. प्रथम तिला नुसता एक नारळ बांधून रात्रभर ठेवावें. सकाळीं सांधा सुटलेला नसेल तर ती भरंवशाची समजावी. मुलें जेथें बसतात-झोंपतात त्या जागेच्या वर ती कधींही टांगूं नये. चार वर्षांच्या मुलानें पानें आणि फुलें रंगवार वेगळीं करावीं. सहा-सात वर्षांच्या मुलानें मोठ्या सुईनें, वडील माणसाच्या देखत, फुलें ओंवावीं. नऊ-दहा वर्षांच्या मुलानें गांठी माराव्या आणि जाळी कलंडली कीं कोठें वजन कमी पडलें तें स्वतः शोधावें. कळलावी किंवा कवंडळ शहरांत शोधूं नये, आणि लहान मुलांच्या घरीं तर नकोच. त्यांच्याऐवजीं लिंबें, पेरू, काकडी, मक्याचीं कणसें, भोंवतालच्या झाडांचीं गळलेलीं पानें व शेंगा पुरेशा आहेत. फळें चार दिवसांनीं उतरवून खावीं, पाला कुंडींत घालावा, आणि कांब्यांची चौकट पुसून कपाटावर ठेवून द्यावी.

एक नियम मात्र जुन्या घरांतला जसाच्या तसा पाळावा. जाळीवर जें जें बांधावयाचें, त्याचें नांव बांधणाऱ्या मुलाला आधीं सांगतां आलें पाहिजे. तें कोणत्या झाडाचें, त्या झाडाला बहर केव्हां येतो, तें खाण्याजोगें आहे कीं नाहीं, एवढें कळल्यावांचून गांठ मारावयाची नाहीं. हें सांगतांना मोठ्या माणसांची जी तारांबळ उडेल तिचाही उपयोग आहे. आजीला किंवा गांवाकडच्या एकाद्या मामाला विचारावें लागेल, पत्र किंवा फोन जाईल, आणि वालावलच्या डोंगरावर अजून उभी असलेली एकादी वेल कोणाच्या तरी बोलण्यांत पुन्हा येईल. पुढच्या भाद्रपदांत ती तेथें असावी यासाठीं निदान एवढें तरी व्हावयास हवें.